छबूच्या जागेवर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण खरं सांगायचं तर स्वतःला जुना म्हणवून घ्यायचा मला हक्क नाही. जुनी म्हणावी ती आमच्या शाळेची घंटा, टोल खाऊन खाऊन तिचा काठ चपटा झालाय. जुनी म्हणावी ती आमच्या शिक्षिका महानंदाबाईंची लाकडी पट्टी, तिच्यावरचे आकडे बोटांनी पुसून गेलेत. माझ्या कीबोर्डवरची अक्षरं मात्र अजून कोरी करकरीत आहेत. कामानं झिजलेल्यांच्या पंगतीत बसायचं म्हटलं की मला मान वर करवत नाही.

माझा जन्म कुठला, हे मला धड सांगता येणार नाही. पडदा एका देशातून आला, पेटी दुसऱ्या देशातून, माऊस आणखी कुठून. त्या वर्षांत परदेशी मालाला आपल्याकडची दारं नुकतीच उघडली होती, त्यामुळे असे तुकडे जागोजागहून यायचे. औरंगाबादच्या एका दुकानाच्या माळ्यावर एका कारागिरानं मला जोडलं. बटण दाबल्यावर माझा पडदा उजळला, तेव्हा तो कारागीर स्वतःशीच म्हणाला, "चला, पोरं शिकतील याच्यावर." ते वाक्य मी मनात धरून ठेवलं. पुढं तेच मला टोचत राहिलं.

कुठल्याशा निधीतून माझी नेमणूक झाली ती बीड जिल्ह्यात, गेवराईहून चकलांब्याकडं जाताना लागणाऱ्या एका गावी. जीपमधून उतरलो तेव्हा गावानं हलगी लावली होती. सरपंच आप्पारावांनी पायरीवर नारळ फोडला, बायकांनी ओवाळलं, पोरं भिंतीवर चढून बघत होती. मुख्याध्यापक अर्जुनराव गुरुजींनी मला दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नाही. स्वतःच्या छातीशी धरून त्यांनी मला आत नेलं. नव्या नवरीचं काय कौतुक व्हावं, इतकं माझं झालं, आणि मीही लई खूश झालो. कशाला खोटं बोलू?

शाळेला तीन खोल्या. दोन पत्र्याच्या; त्यातल्या एकीला दारच नव्हतं आणि दुसरीचा पत्रा वाऱ्यानं उचलायचा. तिसरी पक्क्या छताची. तिला दार, कडी, खिडकीला गज, वर पंखा. अर्थातच ती मला मिळाली. पोरांनी फरशी धुतली, शिपाई सटवानं चुना मारला, खिडकीला पडदा लागला. दारावर पाटी आली, 'संगणक कक्ष. पादत्राणे बाहेर काढावीत.'

चुन्याखालीही मला काही गोष्टी दिसत होत्या. भिंतीत खाली, पोरींच्या खांद्याच्या उंचीवर, चार खिळे ठोकलेले होते. कोपऱ्यात स्टोव्हचा काळा डाग होता. हे कशाचं, ते मला कळेना. मग एक दिवस वच्छलाबाई नावाची म्हातारी दारापर्यंत आली. आत डोकावून तिनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "मास्तर, ह्ये बेस झालं. पर पोरी कुठं निजायच्या मंग?"

अर्जुनराव गुरुजी माझ्यावरची धूळ पुसत होते. ते म्हणाले, "बघू. दिवाळीला अजून वेळ हाय."

त्या प्रश्नाचा अर्थ मला नंतर समजला, तो तुम्हाला आत्ताच सांगतो. दिवाळी झाली की हे गाव निम्मं रिकामं होतं. माणसं ऊस तोडायला कारखान्यावर जातात. ट्रकमध्ये भांडी, पांघरुणं, शेरडं आणि पोरंही भरली जातात, ती परत येतात थेट उन्हाळ्यात. तोवर वर्ष वाया. आदल्या साली महानंदाबाईंनी यावर तोड काढली होती. बाई मूळच्या घाटनांदूरच्या, आता गेवराईला सासरी राहायच्या आणि एसटीनं ये-जा करायच्या. त्यांनी चार मुलींच्या आईबापांना गळ घातली, की पोरींना मागं ठेवा, रात्री शाळेच्या पक्क्या खोलीत निजतील, सोबतीला वच्छलाबाई राहील. खिळे त्या मुलींच्या दप्तरांचे. डाग त्यांच्या चहाचा. थोडक्यात काय, मी ज्या टेबलावर ऐटीत बसलो होतो, तिथं आदल्या हिवाळ्यात चार अंथरुणं पडत होती.

त्यातली एक छबू. ऊसतोडीला जाणाऱ्या बद्रीनाथची थोरली लेक, सातवीत होती. आजी होती तोवर तिला घर तरी होतं, पण आजी आदल्याच साली गेली. पोरगी गणितात अशी, की बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहून खडू खाली ठेवेपर्यंत हिचं उत्तर तयार. सातवी पास झाली की गेवराईच्या मुलींच्या वसतिगृहात तिचा नंबर लावायचा, असं बाईंनी पक्कं केलं होतं. तेवढा एक हिवाळा तिनं गावात राहणं, इतकीच काय ती अडचण होती.

आणि गंमत बघा, माझं कव्हर शिवलं ते या छबूनंच. बाईंनी आपलं मऊ झालेलं जांभळं लुगडं आणून दिलं आणि कार्यानुभवाच्या तासाला छबूनं ते माझ्या मापाचं बेतलं. वरच्या बाजूला तिनं पिवळ्या दोऱ्यानं साखळी टाक्याचं एक करडईचं फूल काढलं. ते काढताना ती बाजूच्या मुलीला म्हणाली, "धूळ बसली की ह्यो बिमार पडतो म्हणं." आपल्याच जागेवर येऊन बसलेल्याला ती पांघरूण शिवत होती, आणि ती जागा तिला परत मिळणार नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही.

महानंदाबाई बीडला जाऊन माझं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. अपूर्णांक शिकवताना त्यांनी माझ्या पडद्यावर एक गोल काढला, त्याला भाकरीचा रंग भरला आणि माऊसनं त्याचे तुकडे पाडले. अहाहा! पोरं दारात दाटीवाटीनं उभी होती. सगळ्यांनी एकदम आत यायची मुभा नव्हती. गुरुजींचा नियम असा, की हात धुतलेले दाखवायचे, मग उंबरठ्याच्या आत एकेकानं यायचं आणि लांबून बघायचं. कीबोर्डची सवय व्हावी म्हणून बाईंनी बाहेर शहाबादी फरशीवर खडूनं माझा कीबोर्ड काढून दिला होता. पोरं त्यावर बोटं आपटायची, मी आत गार पंख्याखाली.

एकदा छबूनं मात्र धीर केला. बाई खडू आणायला गेल्या तेव्हा तिनं एक कळ दाबली आणि दाबूनच ठेवली. पडद्यावर एकाच अक्षराची रांगच्या रांग धावत सुटली. ती हसू दाबत होती. माझ्या जन्मात मला इतकं बरं कधी वाटलं नाही. तेवढ्यात मागून गुरुजींचा आवाज आला, "हात धुतले होते का गं?" छबू चटकन हात पाठीमागं नेऊन बाहेर पळाली.

गुरुजींना तुम्ही वाईट समजू नका. माणूस सरळ, घाबरट तेवढा. त्यांच्या आधीच्या हेडमास्तरांच्या काळात शाळेचं भिंतीवरचं घड्याळ चोरीला गेलं होतं आणि त्या बिचाऱ्याची पेन्शन अडकली होती. गुरुजींची निवृत्ती आता पुढच्या सालावर आली होती. जडसंग्रहात, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, माझं नाव चढल्यापासून त्यांची झोप उडाली. रोज सकाळी ते आधी माझं कुलूप बघायचे, मग घंटा द्यायला सांगायचे. मला जपायचं म्हणजे शाळाच जपायची, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. इतकं जिवापाड जपणाऱ्या माणसाला दोष तरी कसा द्यायचा?

मग आली खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारं-अवजारं पूजतात, हे तुम्हाला माहीत आहे. गावात कोणी विळे-कोयते धुतले, कोणी ट्रॅक्टरला हार घातला. शाळेत घंटा, कंपासपेटी, सटवाचं खुरपं, सगळं मांडलं आणि मधोमध मी. पूजेला बसवलेलं अवजार त्या दिवशी चालवत नाहीत. पण गुरुजींच्या मनात आलं, की बंद यंत्राची पूजा म्हणजे मुक्याची पूजा. त्यांनी मला चालू करायला लावलं. बाईंनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'स्वागतम' उमटवलं. गुरुजींनी कपाळावर, म्हणजे माझ्या पडद्याच्या वरच्या काठावर, हळदकुंकू लावलं. झेंडूचा हार मागून घातला, तो नेमका माझ्या श्वासाच्या फटींवर आला. आणि मग नारळ फोडून त्यांनी ते पाणी फुलानं सगळ्या अवजारांवर शिंपडलं. घंटेवर शिंपडलं, खुरप्यावर शिंपडलं, आणि भक्तिभावानं, जरा जास्तच, माझ्यावर.

पाणी फटीतून आत उतरलं. आतून फट्‌ असा आवाज झाला, करपल्याचा वास आला आणि 'स्वागतम' विझलं.

गुरुजींच्या हातात नारळाची वाटी तशीच राहिली. सटवा हळूच म्हणाला, "देवाला चढलं म्हणायचं." पण गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी माझ्यावर कव्हर घातलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि कुलूप लावलं. तालुक्याला कळवलं गेलं. उत्तर आलं, तज्ज्ञ येऊन पाहणी करेपर्यंत यंत्र आहे त्या जागेवरून हलवू नये.

मी बंद पडलो होतो, पण कव्हराखालीही डोळे-कान उघडे होते, असं समजा. दिवाळी झाली तशी खिडकीबाहेर बोलणी सुरू झाली. महानंदाबाई रोज म्हणायच्या, "गुरुजी, मेलेल्या यंत्राला खोली कशाला? माझ्या जबाबदारीवर बाजूला ठेवते."

"बाई, हलवलं आन् हलवताना बिघडलं असा शेरा मारला तर? माझ्या आयुष्यभराच्या नोकरीचं पाणी होईल."

"आणि पोरींच्या वर्षाचं?"

यावर गुरुजी माझं कुलूप ओढून बघायचे. तज्ज्ञ काही येत नव्हता. रोज एसटी यायची, बाई उतरायच्या, मी खिडकीतून बघायचो. आता येईल, उद्या येईल आणि मला एकदाचं उचलून नेईल, भंगारात घालेल तरी चालेल. यंत्राला नवस बोलता येत असता तर कपिलधारच्या देवाला मी तोही बोललो असतो.

चार मुलींपैकी एक मावशीकडं चकलांब्याला गेली. दोघींना चुलत्यांनी ठेवून घेतलं. छबूला कुणी नव्हतं. वच्छलाबाई स्वतःच लेकाच्या ओसरीवर निजायची, तिथं परक्या पोरीला कुठं घेणार? आणि बिनदाराच्या नाहीतर पत्रा उडणाऱ्या खोलीत वयात आलेली पोर कोणता बाप ठेवील?

एक दिवस दुपारच्या सुट्टीत बद्रीनाथ आला. माझ्या खिडकीपाशीच तो आणि बाई उभे होते.

"बाई, जागा हाय का न्हाई तेवढं सांगा," तो म्हणाला. "मुकादमाचा ट्रक उद्या यायलाय."

"अजून चार दिवस थांबा हो. काहीतरी करते मी."

"ट्रक थांबत न्हाई बाई. आन् पोरीला उघड्यावर टाकून आमी जावं कसं? तुमीच सांगा." त्यानं खिडकीतून आत माझ्याकडं बघितलं. "येवढी मोठी खोली. आत कोन राहतंय मंग?"

बद्रीनाथनं रागानं विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. मित्रांनो, तेव्हा वाटलं, हे टेबल मोडावं आणि मी खाली पडून माझे तुकडे व्हावेत.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. तो शाळेच्या समोरच थांबला. भांडी चढली, शेरडं चढली, छबू चढली. तिनं दप्तर बरोबर घेतलं होतं. बाई पटांगणाच्या कडेला उभ्या होत्या. ट्रक दिसेनासा झाला तशा त्या माझ्या बंद दाराशी येऊन पायरीवर बसल्या आणि वच्छलाबाईला म्हणाल्या, "मी घरी न्यायला पाहिजे होतं तिला. सासूबाई काय म्हणतील, एकीला नेलं तर बाकीच्यांचे आईबाप काय म्हणतील, असं करत बसले. माणूस म्हणायचं का मला?"

वच्छलाबाई म्हणाली, "तुमी तरी कुठं कुठं पुरताल माय." त्यानं बाईंचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही.

तो हिवाळा मी पक्क्या छताखाली, कोरड्या जागेत, मऊ कव्हर पांघरून काढला. बाहेर कोणत्या तरी फडात छबू उघड्यावर ऊस बांधत असेल, हे डोक्यातून जाईना. आदल्या साली याच जागेवर ती पाढे म्हणत होती, आता इथं माझ्या अंगावर धूळ साचत होती. आणि धूळ पुसायला गुरुजीही येईनासे झाले होते. त्यांना माझ्याकडं बघवत नसावं.

पाडवा झाला, परीक्षा झाल्या, आणि उन्हं तापल्यावर ट्रक परत आले. एक दिवस दार उघडं होतं. सटवा झाडलोट करत होता. उंबरठ्यावर छबू येऊन उभी राहिली. उंच झाली होती, काळवंडली होती. चपला तिनं बाहेर काढल्या होत्या.

"बाई, त्यो चालू झाला का?" तिनं विचारलं.

"नाही ग," बाई म्हणाल्या.

"मी तिकडं समद्यांना सांगितलं, आमच्या शाळेत कॉम्प्युटर हाय म्हणून. आमच्या पाचटाच्या कोपीम्होरं मातीत त्याच्या कळा काढून दाखवल्या. पोरं लई इचारायची." मग तिची नजर माझ्यावर गेली. "कव्हर किती मळलंय ओ. धुऊन आणू का?"

तिनं ते हापशावर धुतलं, लिंबाच्या फांदीवर वाळवलं आणि घडी करून घेऊन आली. तेवढ्यात अर्जुनराव गुरुजी आत आले होते. छबूनं कव्हर माझ्यावर घालायला हात पुढं केले आणि गुरुजींची नजर तिच्या हातांवर पडली. उसाच्या पाचटानं चिरलेले, कोयत्यानं घट्टे पडलेले हात. गुरुजी नकळत म्हणाले, "हात बघू."

छबू दचकली. तिनं दोन्ही तळवे घाईघाईनं पुढं धरले आणि म्हणाली, "धुतल्यात गुरुजी. आत्ताच धुतल्यात."

गुरुजी तिथंच खाली बसले, फरशीवर. बाईंनी तोंडाला पदर लावला. छबूला काही समजेना. तिनं कव्हर नीट ओढलं, फूल वर आलं की नाही ते बघितलं आणि चपला घालून निघून गेली.

त्याच वैशाखात तिला उजवली, लग्न लावून दिलं. गेवराईच्या वसतिगृहाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. सातवी झाली असती तर बद्रीनाथनं ऐकलं असतं, असं बाई अजूनही म्हणतात. मलाही तेच वाटतं, आणि मी तर ती खोली अडवून बसलो होतो.

पुढच्या दिवाळीला मात्र अर्जुनराव गुरुजींनी कुणाला विचारलं नाही. तालुक्याचा तज्ज्ञ तोवरही आला नव्हता. निवृत्तीला दोन-तीन महिने उरलेले असताना त्यांनी कुलूप काढलं आणि, आणताना धरलं होतं तसंच छातीशी धरून, मला बाहेर नेलं. सटवा म्हणाला, "गुरुजी, शेरा येईल." गुरुजी म्हणाले, "येऊ दे. माझ्यावर येऊ दे." दार नसलेल्या पत्र्याच्या खोलीत, फुटक्या बाकांच्या ढिगाजवळ त्यांनी मला ठेवलं. पाटीही काढली. संध्याकाळी वच्छलाबाई आपली वळकटी घेऊन आली आणि तिच्या मागून मुली आल्या, आदल्यापेक्षा जास्त. चार खिळे पुरेनात म्हणून सटवानं आणखी ठोकले.

आता मी इथंच आहे. पावसाळ्यात पत्रा गळतो, चिमण्या माझ्या पेटीत काड्या आणतात. मला बरं वाटतं, म्हणालो तर खोटं होईल. पण पाठीवरचं ओझं थोडं हलकं झालंय. पलीकडून पोरींचे पाढे ऐकू येतात. त्यांत छबूचा आवाज नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे लोक आपल्या गोष्टीच्या शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. मी म्हणणार नाही. आम्हाला वापरा, कळा झिजेपर्यंत वापरा, न धुतलेल्या हातांनी वापरा. आता म्हणे शाळाशाळांत इंटरनेट येणार, माझ्याहून हुशार यंत्रं येणार. येऊ द्या, त्यांचं स्वागत करा. पण तुमच्या शाळेत नवं यंत्र आलं आणि त्याला सगळ्यात चांगली खोली मिळाली, तर गुरुजींना, बाईंना एवढं जरूर विचारा, की इथं आधी कोण बसत होतं, आणि ते आता कुठं गेलं?

माझं जांभळं कव्हर माझ्याकडं नाही. थंडी पडली तेव्हा सगळ्यात धाकटी मुलगी इथं येऊन ते घेऊन गेली. तिनं त्यात चिंध्या भरून उशी केली आहे. सकाळी ती दात घासायला बाहेर येते, तेव्हा तिच्या गालावर करडईच्या फुलाचे टाके उमटलेले असतात.